कुंदा एकाच ऑफरला

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी बेळगाव तालुक्यातल्या एका गावची, इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आठव्या सत्रातल्या इंटर्नशिपसाठी हातात दोन ऑफर. पहिली कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमार्फत, बेंगळूरच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची : सहा महिने, महिना 25,000 रुपये, काम टेस्टिंगचं, टीम नंतर ठरणार. काम आवडलं तर नोकरी. पण नोकरी घेतली तर दोन वर्षं सोडायची नाही, सोडली तर दीड लाख भरायचे. दुसरी उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, अकरा माणसांच्या कंपनीची : कारखान्यांतल्या मशिनांना सेन्सर लावून ती कधी चालतात आणि कधी नुसती उभी असतात हे स्क्रीनवर दाखवायचं. महिना 8,000. कागद काहीच नाही, मालक म्हणाले, "एक तारखेपासून ये." वडील उद्यमबागेतच एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं टर्नर आहेत, म्हणजे लेथ मशीनवर धातू कापतात. बेंगळूरचं कळलं त्या संध्याकाळी त्यांनी शहापुरातून किलोभर कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आणून गल्लीत वाटला. दुसऱ्या ऑफरचं ऐकलं आणि गप्प बसले. तिचा प्रश्न : "ताई, बाबांनी जिथं आयुष्य घालवलं तिथंच मी आठ हजारांवर गेले, तर त्यांनी मला शिकवलं कशाला? आणि बेंगळूरला गेले तर मराठी माध्यमातली मी तिथं टिकेन का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

तुझ्या पत्रात 25,000 आणि 8,000 हे आकडे चार वेळा आलेत, वजाबाकी मात्र एकदाही नाही. ती आधी करून टाकू. बेंगळूरला बऱ्या भागात दोघींच्या खोलीचं पीजी, दोन वेळच्या खाण्यासकट, नऊ-दहा हजार धरून चाल. दुपारचं जेवण आणि चहा अडीच-तीन हजार. मेट्रो, कधीतरी रिक्षा, मोबाईल, साबण-शांपू, महिन्याला घरची एक फेरी, असे आणखी चारेक. पहिल्या महिन्यात पीजीचं डिपॉझिट वेगळं, आणि ते परत मिळताना काय काय कापतात ते तुझ्या सीनिअर मुलींना विचार. हातात उरले आठ हजार. इकडे डबा घरचा, आणि बस तर जून 2023 पासून शक्ती योजनेत तुम्हा मुलींना शून्य तिकिटाची. आठांतले सात उरतील. (बेंगळूरच्या साध्या सिटी बसलाही ते शून्य तिकीट चालतं, मेट्रोला नाही. गेलीसच तर आधार कार्ड जवळ ठेव.) सतरा हजारांचा फरक म्हणून तू रात्र रात्र जागतेस, तो प्रत्यक्षात हजारभराचा आहे. तेव्हा स्टायपेंड बाजूला ठेव. पैसे बघून निवडायची वेळ नोकरीच्या वेळी येईलच, आणि तेव्हा अगदी निर्लज्जपणे बघ.

आता बेंगळूर. "टेस्टिंग, टीम नंतर ठरणार" एवढ्याच शब्दांत तू ही सगळी ऑफर संपवलीस. तो तुझा दोष नाही, त्यांनी तेवढंच सांगितलंय. पण सहा महिने रोज सकाळी जाऊन तू काय करणार हे ना तुला माहीत ना मला, आणि तरी आपण दोघी तिला "चांगली ऑफर" म्हणतोय. मी स्वतः एका नाव असलेल्या कंपनीत अशीच लागले होते. पहिले सात आठवडे मला सिस्टिमचा अ‍ॅक्सेसच मिळाला नाही. दुसऱ्याच्या खुर्चीमागे बसून स्क्रीन बघायची आणि संध्याकाळी एक्सेलमध्ये "पास", "फेल" भरायचं. गावाकडे मात्र मी कंपनीच्या नावावर मिरवत होते. ते नाव पुढे उपयोगी पडलं, खोटं कशाला बोलू? पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला बोलावणं त्या नावामुळेच आलं. पण मुलाखतीत "तू काय केलंस?" असं विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगायला दोन वाक्यंही नव्हती.

टेस्टिंगला मात्र नाक मुरडू नकोस. हातानं बटणं दाबत बसणं आणि ती बटणं दाबणारा प्रोग्राम लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात कोड लिहावा लागतो, आणि मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये एक बदल केला की दहा ठिकाणी काय मोडतं हे जे दिसतं ते छोट्या कंपनीत दिसत नाही. तेव्हा विचारायचं ते हेच : मॅन्युअल की ऑटोमेशन, मी कोड लिहिणार का, आणि लिहिलेला कोड कोण तपासणार. एचआरला ते सांगता येईलच असं नाही. तुझ्याच कॉलेजातून मागच्या वर्षी तिथं गेलेल्यांना लिंक्डइनवर गाठ. किती जण गेले, किती जणांना नोकरी मिळाली, आणि ती मिळणार की नाही हे कोणत्या महिन्यात कळलं, एवढं त्यांच्याकडून काढ. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण जूनमध्ये "सॉरी" म्हणाले तर तोवर कॉलेजच्या बाकीच्या कंपन्या येऊन गेलेल्या असतात.

"मराठी माध्यमातली मी टिकेन का" याच्यावर मला फार थांबायचं नाही. भाषेपायी आपल्या सीमाभागात 1956 पासून काय चाललंय ते तुला मी सांगायला नको. पण त्या सगळ्यातून तुझ्या वाट्याला काय आलं ते बघ : घरात मराठी, बसस्टँडवर आणि ऑफिसात कन्नड, वर्गात इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. विद्यापीठाच्या, म्हणजे व्हीटीयूच्या, कन्नडच्या एका क्रेडिटच्या पेपरला परराज्यांतली मुलं "बळके कन्नड" (रोजच्या वापरातलं कन्नड) घोकत असतात, तू ते भाजीवाल्या अक्कांकडून शिकलीस. बेंगळूरच्या आयटी कंपन्यांत पदरमोड करून कन्नड शिकणारी माणसं मी पाहिलीत. तिथं तू परकी ठरणार नाहीस, उलट घरमालकाशी, वॉचमनशी, कँटीनवाल्याशी बोलायला बाकीच्या तुलाच पुढे करतील. इंग्रजी बोलताना अडखळशील, तो त्रास साधारण दोन महिन्यांचा.

आता उद्यमबागेकडे येऊ. त्या मुलाखतीवर तू दीड पान लिहिलंस. तुला स्क्रीन दाखवली, त्यावर एक जुनं लेथ हिरवं, म्हणजे चालू. खिडकीतून बघितलं तर ऑपरेटर चहाला गेलेला, चक, म्हणजे माल पकडून फिरवणारा भाग, नुसताच फिरतोय. मालकांनी विचारलं, असं का? तू म्हणालीस, करंट शून्याच्या वर गेला की चालू असं धरलंय म्हणून. ते म्हणाले, बरं, मग किती धरायचा? तुला उत्तर आलं नाही आणि तू समजलीस की मुलाखत गेली.

अगं, त्या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तरच नाही. तू इंडक्शन मोटर शिकलीस ना? रिकामी फिरली तरी तिला चुंबकीय क्षेत्र टिकवायला करंट लागतोच, आणि छोट्या मोटरला तो पूर्ण लोडच्या निम्म्याच्या घरातही जाऊ शकतो. जुन्या लेथला डेटा घ्यायला पोर्ट नसतो, म्हणून केबलभोवती सीटीचा (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) चिमटा लावतात. त्या चिमट्याला करंट दिसतो, पण मशीन माल कापतंय की हवा कापतंय हे नुसत्या करंटवरून नीट कळत नाही. रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर पडलेला असतो, म्हणजे करंट दिसतो तेवढं काम होत नसतं. व्होल्टेजही मोजून खरी पॉवर काढली की मग फरक ठळक होतो. त्यातही जाड कास्टिंगवरचा पहिला कट वेगळा, शेवटचा फिनिशिंगचा हलका कट वेगळा. तो तर रिकाम्या फिरण्याच्या इतका जवळ की आकडा बघून फसायलाच होतं. मालकांनी तुला हे विचारलं याचा अर्थ त्यांचंही तिथंच अडलंय. अकरा माणसांच्या कंपनीत इंटर्नच्या पुढ्यात असा खरा अडलेला प्रश्न येणं हीच त्या ऑफरची किंमत आहे. आणि असा प्रश्न काही फक्त उद्यमबागेपुरता नाही. इकडे हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, तिकडे कागल ओलांडलं की कोल्हापूरजवळचं गोकुळ शिरगाव, शिरोली, म्हणजे फाउंड्र्या आणि मशीन शॉपच. या पट्ट्यात जुनी मशिनं आहेत तोवर हे काम आहे.

पण छोट्या कंपनीचं फार कौतुक करायचं माझ्या मनात नाही. अकरांत खरं जाणणारा बहुतेक एकच असतो, आणि तो आठवड्यातले चार दिवस कुठंतरी पॅनल उघडून बसलेला असतो. मग इंटर्नच्या हातात स्क्रू ड्रायव्हर येतो, वायरी ओढ, डबे चिकटव, आणि सहा महिन्यांनी तुझ्याकडे दाखवायला हातावरचे ओरखडेच उरतात. कोड कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर, पासवर्ड भिंतीवरच्या चिठ्ठीत, असंही मी पाहिलंय. म्हणून तिथं जाऊन विचार : माझं काम रोज कोण बघणार, ते आठवड्यात किती दिवस इथं असतात, कोड गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सिस्टिमवर) ठेवता का, मागच्या इंटर्ननं केलेलं काम बघायला मिळेल का. मालकांना राग येईल अशी भीती वाटते ना? ज्यांना असल्या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याकडे सहा महिने काढायचे नसतात.

मला विचारशील तर तुझ्या जागी मी उद्यमबाग घेतली असती, दोन अटींवर. जाणणारा माणूस आठवड्यातले निदान तीन दिवस जागेवर हवा. आणि कंपनीच्या लेटरहेडवर पत्र हवं, ज्यात तारखा, स्टायपेंड, कामाचं स्वरूप आणि गाइडचं नाव असेल. यातली एक जरी पुरी झाली नाही तर बेंगळूरची बॅग भर. वंदे भारत आता बेळगावहूनच सुटते, साडेआठ तासांत पोचशील.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. कदाचित तुला लिहावीशी वाटली नसेल, पण या सदरात पत्रं पाठवणाऱ्या बऱ्याच मुलींच्या ओळींमधून ती डोकावते. घरी राहून इंटर्नशिप म्हणजे सकाळची भाकरी थापून निघायचं, संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा चुलीपुढे, आणि रविवारी "जरा साडी नेस, पाहुणे येणारेत". तुझ्या घरी असं असेल, तर वरचा माझा सल्ला खोडून टाक आणि बेंगळूर घे. "मला काही महिने स्वतःच्या कुलपाच्या खोलीत राहून बघायचंय" हे करिअरचं कारण नाही असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. मला ते पुरेसं वाटतं. ज्यांच्या घरी अभ्यासाला टेबल नाही, रात्री दहाला लाईट बंद करावी लागते, त्या मुलांनाही हेच लागू.

कागदांचं पटकन सांगते. बेंगळूरची ऑफर कॉलेजकडून आलीय, तेव्हा प्लेसमेंट ऑफिसरना आजच भेट. काही कॉलेजांत ऑफर नाकारली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत. तुमच्याकडे नियम काय ते माहीत नसताना नकार देऊ नकोस. उद्यमबागेतली कंपनी आठव्या सत्राच्या इंटर्नशिपसाठी चालते का, किती आठवडे भरावे लागतात, रिपोर्टवर कुणाची सही लागते, हेही तिथंच आणि लेखी. दीड लाखाच्या बाँडनं इतकी घाबरू नकोस, पण हसण्यावारीही नेऊ नकोस. 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलम सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. पण ते वाजवी किती हे ठरवायला कोर्टाची पायरी चढायची तुझी तयारी आहे का? तो बाँड इंटर्नशिपला लागू आहे की फक्त नोकरी घेतल्यावर, एवढं ईमेलवर विचारून ठेव. मूळ मार्कलिस्ट कुणालाही जमा करायची नाही, आणि ट्रेनिंग फी मागणाऱ्याकडे जायचंच नाही. तुला तसं कुणी मागितलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे मागत असतील.

शुक्रवार फार जवळ वाटत असेल तर मुदत मागून घे. "कॉलेजच्या परवानगीसाठी पुढच्या बुधवारपर्यंत वेळ मिळेल का" एवढी दोन ओळींची मेल. यात अपमान कुणाचाच नाही, आणि फार तर ते नाही म्हणतील. दोन्हीकडे हो म्हणून ठेवायचं आणि ऐनवेळी एकाला टांग मारायची, ही युक्ती तुला हॉस्टेलवरच्या कुणीतरी सुचवली असणारच. करू नकोस. बेंगळूरवाले तुला विसरतील, पण पुढच्या वर्षी कॅम्पसला येताना तुझ्या कॉलेजचं नाव त्यांच्या यादीत खाली जाईल. आणि उद्यमबागेत तर तुझे बाबा रोज त्याच रस्त्यानं जातात.

बाबांवर मला जास्त बोलायचंय. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तू लावलास : पोरगी आठ हजारांवर परत तिथंच येणार म्हणून वाईट वाटलं. असेलही. पण मला दुसरंच वाटतं. तू ज्या कंपनीत जाणार ती काय विकते? मशीन किती वेळ उभं राहिलं याची मोजदाद. हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. तुला ती स्क्रीन दिसली. अठ्ठावीस वर्षं लेथपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला त्या स्क्रीनमागे कोण बसणार आणि ती कुणाकडे बोट दाखवणार हे लगेच दिसलं असेल. जो चहाला गेला होता, त्याच्या जागी त्यांनी स्वतःला पाहिलं असेल. त्यांच्याच शॉपमध्ये ते सेन्सर बसलेही असतील, तुला कुठे माहीत आहे?

तेव्हा त्यांना विचार. "तुम्हाला वाईट वाटलं का" असं नको, त्याला आपल्याकडचे बाप "काय नाही गं" एवढंच म्हणतात. कामाचं विचार. तुमचं मशीन दिवसात कधी कधी उभं राहतं आणि कशामुळे? ते सांगतील : कास्टिंग आलं नाही, क्रेन दुसरीकडे होती, इन्सर्ट (कापायच्या टूलचं पातं) संपलं आणि स्टोअरचा माणूस जागेवर नव्हता, ड्रॉइंगमध्ये माप चुकलं म्हणून सुपरवायझरची वाट बघितली, लाईट गेली. यातलं चहाचं किती निघतं बघ. स्क्रीनवर मात्र सगळ्याचा रंग एकच, लाल. मशीनशेजारी चार बटणांचा एक छोटा डबा लावला, "माल नाही", "टूल नाही", "लाईट नाही", "दुरुस्ती", तर तोच लाल रंग मालकाला वेगळं काही सांगायला लागेल. हा प्रोजेक्ट मी तुला फुकटात दिला, पण बटणांवर काय लिहायचं ते त्यांनीच सांगायला हवं.

दुसरंही एक काम त्यांच्याशिवाय होणार नाही. त्या कंपनीचे डबे ज्या शॉपमध्ये बसलेत तिथले ऑपरेटर त्यांच्या ओळखीचे असतील. शिफ्ट सुटल्यावर टपरीवर उभं राहून "ते सेन्सरवाले कसे आहेत रे?" एवढं विचारायला त्यांना सांग. डबे चालू आहेत की कोपऱ्यात धूळ खातायत, बिघडल्यावर दोन दिवसांत माणूस येतो की दोन महिन्यांत, पगार वेळेवर होतात का, हे मालक तुला सांगणार नाहीत आणि गूगललाही माहीत नाही. टपरीवर मात्र दहा मिनिटांत कळतं.

आणि करंट किती धरायचा तेही त्यांना विचार. ते आकडा सांगणार नाहीत. लेथ हवा कापताना कसं वाजतं आणि माल कापताना कसं, ते तोंडानं आवाज काढून दाखवतील. फोनवर रेकॉर्ड करून ठेव.